सरासरी भरली, मग विहीर का नाही भरली?

पाणकळा | सोमवार, सकाळी ८.४०
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आमचं गाव लातूरच्या औसा तालुक्यात, रान माळावरचं, उताराचं. पेपरात वाचतो की जिल्ह्यात सरासरीच्या शंभर टक्क्यांच्या पुढं पाऊस झाला. २०२५ च्या सप्टेंबरात तर आमच्या शेजारच्या भागात पुरात माणसं अडकली, नदीकाठची जमीन खरवडून गेली. तरी आमच्या विहिरीचं पाणी संक्रांतीनंतर झपाट्यानं खाली जातं आणि होळीपर्यंत मोटर गाळ ओढायला लागते. वडील सांगतात, पूर्वी आषाढ-श्रावणात झड लागायची, आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही, कपडे वाळायचे नाहीत, भिंतीला ओल चढायची. आता येतो तो दोन तासात बांध फोडून जातो आणि मग पंधरा-वीस दिवस पत्ता नाही.
माझा साधा प्रश्न, वर्षाचा आकडा तेवढाच असेल तर पाणी जातंय कुठं? हे हवामान बदलानं होतंय का आपल्याच हातानं? ज्यांचा अभ्यास आहे, ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा. राजकारण नको.

रानवारा | सकाळी ९.०५
दादा, परंड्याकडचा आहे मी. सप्टेंबर २०२५ विचारू नका. सोयाबीन काढायला आलेलं, शेंगेला मोड फुटले जागेवर. सीना नदीचं पाणी जिथं कधी आलं नव्हतं तिथं आलं. त्याच्या आधी जूनमध्ये पेरलेलं उगवून सुकायला लागलं होतं, आकाशाकडं बघत बसलो होतो. एकाच हंगामात दोन्ही.

कट्ट्यावरचा | सकाळी ९.१२
पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक लिहिलं होतं, आला मात्र जेसीबीवर बसून 🙂

बाष्पकण | सकाळी १०.३०
पाणकळा, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी हवामानाचा अभ्यास करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सांगा.

हवा १ अंश सेल्सियसने तापली की तिची वाफ धरायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. हे जुनं भौतिकशास्त्र आहे, यात वाद नाही. पण पृथ्वीवर एकूण पाऊस त्या मानाने वाढत नाही, तो अंशामागे साधारण १ ते ३ टक्केच वाढतो. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. भांडं मोठं झालंय, पण त्यात पाणी त्या वेगाने पडत नाही. म्हणजे भरायला जास्त दिवस लागणार आणि ओतलं की एकदम ओतणार. तुम्ही जे सांगताय, मोठी उघडीप आणि मग धो धो, ते यातूनच येतं. सरासरी आहे तिथेच राहून सगळी चाल बदलू शकते.

आपल्याकडचा पुरावाही आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास सांगतो की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या. त्याच काळात तिथला एकूण पाऊस मात्र कमी होत गेला होता. त्यांनी कारण दाखवलं ते अरबी समुद्राकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांच्या चढउताराचं. समुद्र तापला, वाऱ्यांचा जोर अधूनमधून एकदम वाढतो आणि तेव्हा ते भरपूर बाष्प एकदम आत ओढून आणतात.

आणि दुसरी बाजू बहुतेक लोक विसरतात. तापलेली हवा जमिनीतलं पाणीही जास्त ओढते. म्हणजे उघडीप पूर्वीइतकीच दिवसांची असली तरी रान आता आधी सुकतं.

स्पष्टवक्ता | सकाळी ११.१५
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळं हवामान बदलावर ढकलायची आता सोय झाली आहे. मराठवाड्यात ऊस कोणी लावला? पाचशे-सातशे फूट बोअर कोणी मारले? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा जिल्ह्यातल्या रानात ऊस होताच ना. शेततळ्याला प्लास्टिक अंथरायचं आणि बोअरचं पाणी उपसून त्यात भरायचं, मग ते उन्हात उडून जातं. याला काय अरबी समुद्र जबाबदार? पाणकळा, तुमच्या शेजारच्या रानात बोअर किती आहेत ते आधी मोजा.

पाणकळा | सकाळी ११.४०
मोजायची गरजच नाही, शेजारच्या दोन पट्ट्यात मिळून पाच आहेत, आमचा एक धरून सहा. तुमचं म्हणणं पटतंय पण अर्धंच. बोअर तर दहा-पंधरा वर्षं तेवढेच आहेत. झड का बंद झाली त्याचं उत्तर बोअरमध्ये नाही.

मिरजकर | दुपारी १२.२०
त्या रेल्वेचा उल्लेख आला म्हणून लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या मिरजेतून टँकरची गाडी लातूरला निघायची, सुरुवातीला दहा वाघिणी होत्या, नंतर पन्नास झाल्या. आम्ही स्टेशनवर बघायला जायचो, सगळ्यांना वाटायचं चला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय. आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता लातूर भागात पूर आला.

मग २०१९ ला आमची पाळी. ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर दिवसामागून दिवस कोसळत राहिला, कोयना आणि वारणेचं पाणी एकदम आलं, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या ओळखीच्यांच्या घरात पहिल्या मजल्यावर पाणी होतं, भिंतीवर चिखलाची रेघ अजून दिसते, रंग दिला तरी वर येते. आणि हे चालू असताना आमच्याच जिल्ह्यात जत, आटपाडीकडे टँकर सुरू होते. एकच जिल्हा! आता सांगा, जिल्ह्याच्या सरासरीचा आकडा कुणी कुणाला दाखवायचा?

रानवारा | दुपारी १२.३१
हे जत-सांगलीचं एकदम बरोबर. आमच्याकडं तर एका महसूल मंडळात पडतो आणि ओढ्यापलीकडं कोरडं.

बांधावरची | दुपारी १.१०
मंडळाचा विषय निघाला म्हणून सांगते. २४ तासात ६५ मिमीच्या वर पाऊस झाला तर महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, त्यावर पंचनामे आणि मदत. पण यंत्र मंडळात एका ठिकाणी, आणि मंडळात गावं दहा-पंधरा. आमच्या रानात तासाभरात पिकं आडवी झाली, यंत्राच्या गावी ५८ नोंदलं. अर्ज घेऊन गेले, साहेब म्हणाले ताई मला दिसतंय पण आकडा दिसत नाही. त्यांचं तरी काय चुकलं, नियमच तसा. पूर्वी भीज पाऊस मोठ्या भागावर सारखा पडायचा तेव्हा एक यंत्र चालून जायचं. आता पाऊस तुकड्या तुकड्यानं पडतो तर मोजणी पण गावागावात हवी ना? विम्यालाही तेच, २०२४ पर्यंत २१ दिवसांचा खंड लागायचा. विसाव्या दिवशी दोन-तीन मिमी शिंतोडे आले की खंड मोडला, पीक मात्र तोवर गेलेलं असायचं.

बाष्पकण | दुपारी १.४५
बांधावरची ताई, हा मुद्दा फार मोलाचा आहे. हवामान खात्याच्या व्याख्येत २.५ मिमी म्हणजे 'पावसाचा दिवस'. रोपाच्या मुळाला त्याचा काही उपयोग नाही. जुन्या पावसासाठी बनवलेली मापं आपण नव्या पावसाला लावतोय.

पंचांगप्रेमी | दुपारी २.३०
माझं मत वेगळं. आपल्या लोकांनी नक्षत्रावर सगळं बसवलं होतं, मृगात पेरा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, पडतील स्वाती तर पिकतील मोती. हजारो वर्षांचं निरीक्षण आहे ते. नक्षत्रंच पुढं सरकली म्हणून पाऊस सरकल्यासारखा वाटतो असं आमच्याकडचे जाणते म्हणतात.

बाष्पकण | दुपारी ३.०५
सरकतात हे खरं आहे, पण हिशोब करा. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष फार संथपणे डोलतो त्यामुळे, सूर्याचा नक्षत्रप्रवेश इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे जातो. म्हणजे तुमच्या आजोबांच्या मृगात आणि तुमच्या मृगात जेमतेम एक दिवसाचा फरक. लोक सांगतात तो फरक त्याच्या कितीतरी पट आहे.

त्या निरीक्षणांबद्दल मला मनापासून आदर आहे, ती पिढ्यान्‌पिढ्या बांधावर उभं राहून केलेली आहेत. पण निरीक्षण ज्या पावसाचं होतं तोच बदलला. खुद्द हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा बदलल्या. मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर केली. येण्याची तारीख मात्र जेमतेम एक दिवस हलली, १० जूनची ११ जून. आणि तीही सरासरीच, कारण २०२५ मध्ये पाऊस २६ मे लाच मुंबईत दाखल झाला, नोंदी आहेत तेव्हापासून सगळ्यात लवकर.

मिरजकर | दुपारी ३.२०
परतीचा पाऊस लांबतो ते आम्हा द्राक्षवाल्यांना विचारा. ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटले, घड निघायला लागले की हा हजर. २०१९ ला महापुरातनं उठतोय तोवर ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा झोडपलं, तेव्हा अरबी समुद्रात क्यार वादळ होतं. पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट असताना, दावण्या हा बुरशीचा रोग आला की रात्री बॅटरी लावून फवारायचं. औषधाचा खर्च छाटणीपासून दुप्पट होतो आणि घड हाताला कुजका लागतो.

कातळसडा | दुपारी ४.००
कोकणातून हजेरी. आमच्याकडे तर पाऊस भरपूर, तरी मार्च-एप्रिलला वाडीत टँकर, ते वेगळंच दुखणं. जांभा कातळ, पाणी मुरतं तेवढंच पटकन समुद्राला जातं.

पण मी आंब्याचं लिहायला आलो. हापूसला मोहोर यायला आधी झाड निवांत व्हावं लागतं, पाऊस थांबून जमीन सुकायला हवी, मग थंडी. आता पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. नंतर कधीतरी डिसेंबर-जानेवारीत ढगाळ, एखादी सर, की तुडतुडे आणि करपा. एकाच झाडावर मोहोर, कणी आणि अंड्याएवढा आंबा असं तिन्ही बघायला मिळतं, म्हणजे काढणी तीन वेळा आणि बाजाराला पहिली खेप उशिरा.

आणि वादळं. ३ जून २०२० ला निसर्ग, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. श्रीवर्धन, दिवेआगरकडे सुपारीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या. सुपारी लावली की उत्पन्नाला काही वर्षं जातात, त्यामुळे वादळ एका रात्रीचं आणि झळ पुढच्या कितीतरी वर्षांची. आमच्या काकूंनी पडलेल्या झाडाच्या जागी लगेच दुसऱ्या पावसात रोप लावलं, ते अजून कमरेएवढं आहे.

जिज्ञासू | दुपारी ४.१५
वादळं पूर्वी बंगालच्या उपसागरात जास्त व्हायची ना? शाळेत तसंच शिकवलं होतं.

बाष्पकण | दुपारी ४.५०
अजूनही तिकडेच जास्त होतात. पण अरबी समुद्र वेगाने तापतोय, गेल्या काही दशकांत सव्वा अंशाच्या आसपास. पूर्वी त्याच्या तुलनेने थंड पाण्यावर वादळ फार तग धरत नसे. अलीकडच्या वीस वर्षांत तिथल्या चक्रीवादळांची संख्या, जोर आणि टिकण्याचा काळ, तिन्ही वाढल्याचं पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलंय.

अंबिया | सायंकाळी ५.३०
वरुड-मोर्शीकडून. संत्र्याचा मृग बहार घ्याचा म्हणजे मे महिन्यात झाडाचं पाणी तोडून ताण द्याचा आणि जूनच्या पावसानं तो तुटला पायजे. पाऊस आला, ताण तुटला, कळी निघाली आणि मंग वीस दिवस गायब झाला तर कळी गळते. आला नाही तर बोअरच्या पाण्यानं तोडा. म्हणजे स्पष्टवक्ता भाऊ म्हणतात ते आणि बाष्पकण भाऊ म्हणतात ते, दोन्ही एकाच बोअरमध्ये भेटतात आमच्याकडं. पाऊस भरोशाचा नाही म्हणून माणूस बोअर मारते, आणि सगळ्यांनी मारले म्हणून पाणी खोल जाते.

बांधावरची | सायंकाळी ५.४०
अंबिया दादा, दोन ओळीत सगळं सांगितलंत.

वाळवंटातला_मराठी | सायंकाळी ६.१५
इथे दुबईत १६ एप्रिल २०२४ ला जे झालं ते तुम्ही व्हिडिओत पाहिलंच असेल. अबू धाबीतल्या अल ऐन भागात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिमी, देशात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा विक्रम. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात गाड्या छतापर्यंत बुडाल्या. इथे रस्त्याला पाणी वाहून न्यायला नाल्याच फारशा नाहीत, कारण त्यांची गरज कधी पडलीच नव्हती. लोक म्हणत होते क्लाउड सीडिंग, म्हणजे ढगांत मीठ फवारून पाऊस पाडायचा प्रयोग, केलं म्हणून झालं.

जिज्ञासू | सायंकाळी ६.२२
मग मराठवाड्यात ते कृत्रिम पावसाचं का नाही करत नीट? प्रश्नच मिटेल.

बाष्पकण | सायंकाळी ७.००
दुबईचा तो पाऊस सीडिंगने पडला नाही, एवढं मोठं वादळी क्षेत्र मीठ फवारून तयार होत नाही. मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ ला प्रयोग झाले. पुण्याच्या संस्थेने सोलापूर भागात नीट शास्त्रीय मोजणी करून प्रयोग केले, त्यात योग्य ढगांमधून पाऊस काही प्रमाणात वाढल्याचं दिसलं. पण मेख 'योग्य ढगांमध्ये' या शब्दांतच आहे. खंड पडतो तेव्हा असे ढगच नसतात. ऑगस्ट २०२३ आठवा, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. विमान उडवून काय करणार होतात?

स्पष्टवक्ता | सायंकाळी ७.३०
२०२३ ला एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापलं होतं. तो काय आज आलाय का? पूर्वीही दुष्काळ पडायचे. १९७२ विसरलात?

बाष्पकण | सायंकाळी ८.१०
एल निनो जुनाच आहे आणि ७२ लाही होता. पण एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच असं नाही, १९९७ ला जबरदस्त एल निनो असून देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला, कारण हिंद महासागराचं पश्चिमेकडचं पाणी तापून मोसमी वारे आपल्या बाजूने फिरले. पूर्वीपासूनचे हे चढउतार आहेतच, हवामान बदल त्यांच्या जागी आलेला नाही, त्यांच्यावर चढलाय. तोच एल निनो आता जास्त तापलेल्या हवेत येतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूनेही सांगतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस कमजोर झाला त्यात हवेतल्या धूर-धुळीचा मोठा वाटा होता असं शास्त्रज्ञ मानतात. त्या कणांनी ऊन अडवलं, जमीन हवी तेवढी तापली नाही. म्हणजे माणसाचा हात दोन्हीकडून आहे. पुढच्या काळात दक्षिण आशियात मोसमी पाऊस एकूण वाढेल असा अंदाज आहे, म्हणून तर मला पाणकळांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सरासरी आणखी भरेल, विहिरीचं काय?

धागापाल | रात्री ८.१५
चर्चा छान चालू आहे, कारखान्यांची आणि नेत्यांची नावं घेणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. मुद्द्यावर राहा.

भूजलवाट | रात्री ९.२०
दिवसभर वाचत होतो, आता विहिरीवर लिहितो, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, बेसाल्टचा. हा दगड स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. त्यामुळे आपली साठवण फार थोडी, ढोबळ मानाने शंभर भाग मुरमात दोन भाग पाणी. याचा हिशोब असा की २० मिमी पाणी खरोखर खाली पोचलं तर विहिरीची पातळी एक मीटर वर येते. लवकर भरते, आणि तितक्याच लवकर उपसली जाते. पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा मुरला तरी आम्ही चांगलं समजतो.

आता काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा पहिला पाऊस गटागट पिते. पण भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी आत शिरायचा वेग अगदी मंद होतो. झड लागते तेव्हा त्या मंद वेगालाही दिवसरात्र वेळ मिळतो. तासाला चाळीस-पन्नास मिमी ओतलं तर जमीन थोडंसं घेते, बाकीचं माती घेऊन ओढ्याला. वर पुन्हा उघडीप मोठी पडली की जे दोन-चार बोटं ओल गेली तीही पीक आणि ऊन घेऊन जातं, खालच्या थरापर्यंत काही पोचतच नाही. पाणकळा, तुमचं रान उताराचं, म्हणजे तुमच्या वाट्याचं पाणी आधी खालच्याकडे पळतं.

म्हणून स्पष्टवक्ता आणि बाष्पकण भांडू नका. विहिरीत येणारं पाणी पावसाच्या चालीनं घटलं आणि जाणारं पाणी बोअरनं वाढलं. पहिलं आपल्या गावाच्या हातात नाही, दुसरं आहे. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाऊस ४०० मिमीच्या आसपास, लातूरपेक्षा बराच कमी. त्यांनी शेतीला बोअर बंद केले, डोंगरावर उताराला आडवे समतल चर खोदले आणि दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून ठरवतात, यंदा उन्हाळी पीक घ्यायचं का नाही. चर खोदणं बऱ्याच गावांनी केलं, ताळेबंद फार थोड्यांनी. चरातलं पाणी खालच्या बोअरवाल्यानं उपसलं तर वरच्याला काय मिळालं?

स्पष्टवक्ता | रात्री ९.४५
ताळेबंदाचं म्हणताय त्याला माझा पूर्ण पाठिंबा. मला भीती एवढीच की हवामान बदल म्हटलं की लोक हात वर करतात.

रानवारा | रात्री ९.५२
हात वर करून काय करणार, पुढचा पेरा तर आपल्यालाच करायचाय.

पाणकळा | रात्री १०.१५
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. भूजलवाट साहेब, आम्ही सहा बोअरवाले एका ओढ्यावरचे, त्यातले चौघं भावकीतले. ताळेबंद मांडायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करू? गाव एकत्र येईल तेव्हा येईल.

भूजलवाट | रात्री १०.४०
गावासाठी थांबू नका, सहा जण पुष्कळ झाले. आपली विहीर मोजायला घ्या. दोरीला वजन बांधा, काठावर एक पक्की खूण करा आणि त्या खुणेपासून पाणी किती खाली आहे ते दर आठवड्याला वहीत लिहा, मोटर बंद असताना, शक्यतो पहाटे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तुमची नोंद त्याहून बारीक होईल. सोबत पाऊस मोजा. दसऱ्यानंतर सहा जणांनी वह्या शेजारी ठेवून बसा, कुणाला किती गहू-हरभरा झेपतो ते तिथंच कळेल. ऊस कुणी लावायचा हा वाद तेव्हा घाला, आकडा समोर असताना.

बांधावरची | रात्री १०.४८
पाऊस मोजायचं भांडं कुठं ठेवायचं? आमच्या अंगणात आंब्याचं झाड आहे.

बाष्पकण | रात्री ११.०५
झाडापासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्यावर, तोंड अगदी आडवं सपाट राहील असं घट्ट रोवून. झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजून रिकामं करा, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणजे तुमचा आकडा मंडळाच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. आणि पाऊस किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला तेही लिहा ताई. किती पडला हे सगळे लिहितात, किती वेळात पडला हे कुणी लिहीत नाही.